पॉइंटवरचा प्रवास खरंच फुकट असतो का? : छोट्या सहलीतून गुणोत्तर आणि शतमानाचा पाठ



सुट्टी जवळ आली की घराघरांत दोन-तीन दिवसांच्या सहलीचे बेत सुरू होतात. कुणाला कोल्हापूर, कुणाला गोवा, कुणाला महाबळेश्वर. हल्ली या बेतात एक नवा शब्द हमखास ऐकू येतो, "पॉइंट आहेत ना कार्डावर, त्यात तिकीट फुकट मिळेल." मुलंही हे ऐकत असतात. त्यांच्या मनात "फुकट" हा शब्द पक्का बसतो आणि त्यामागचा हिशेब मात्र कुणी सांगत नाही.

हा हिशेब अवघड नाही. सातवीतलं सरळव्याज, आठवीतली सूट व कमिशन, नववीतलं गुणोत्तर व प्रमाण आणि आर्थिक नियोजन एवढं येत असलं की पुरतं. म्हणून हा विषय वर्गात एका तासिकेत आणि घरी जेवणाच्या ताटावर, दोन्ही ठिकाणी शिकवता येतो.

पाठाची उद्दिष्टे

१. एका पॉइंटची किंमत रुपयांत काढता येणे.
२. तेच पॉइंट रेल्वे, विमान की हॉटेल, कुठे वापरले तर जास्त फायदा होईल हे ठरवता येणे.
३. "वाचलेले पैसे" आणि "वाचल्यासारखे वाटणारे पैसे" यांतला फरक ओळखता येणे.
४. पॉइंटच्या मोहाने होणारा जादा खर्च आणि व्याज यांचा हिशेब मांडता येणे.

ही कल्पना आली कुठून?

वर्गात इतिहास थोडक्यात सांगावा, मुलांना आवडतो. अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने दुकानदारांना हिरव्या रंगाचे स्टँप विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक जेवढ्याची खरेदी करेल तेवढे स्टँप दुकानदार त्याला देई. गिऱ्हाईक ते वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात वस्तू घेई. आजचे पॉइंट हे त्याच स्टँपचे नातू. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली "एअॅडव्हान्टेज" ही योजना सुरू केली आणि विमानप्रवासात ही पद्धत रुजली. १९८३ मध्ये हॉटेलवालेही यात उतरले.

आपल्याकडे आता सगळ्यांच्याच योजना आहेत. एअर इंडियाची "महाराजा क्लब", इंडिगोची "ब्लूचिप", आयआरसीटीसीची बँकांबरोबर काढलेली कार्डं, मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या सभासद योजना. टाटा न्यूचे "न्यूकॉइन" तर बिगबास्केटवरच्या किराण्यात मिळतात आणि ताज किंवा जिंजर हॉटेलातही चालतात. म्हणजे साखर-डाळीचं बिल आणि हॉटेलची खोली एकाच धाग्यात आली आहेत.

पॉइंट म्हणजे नेमकं काय?

इथे फळ्यावर एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहावं : "पॉइंट म्हणजे पैसा नव्हे, पॉइंट म्हणजे कंपनीने दिलेलं वचन."

पैशाचं मूल्य नोटेवर छापलेलं असतं. पॉइंटचं मूल्य कंपनी ठरवते आणि बदलतेही. आज सहा हजार पॉइंटांत मिळणारं तिकीट पुढच्या वर्षी आठ हजारांना झालं, तर आपण काही करू शकत नाही. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतं, साठवून ठेवलेल्या पॉइंटांवर ते मिळत नाही. बहुतेक योजनांत पॉइंटांना मुदतही असते.

किंगफिशर एअरलाइन्सची विमानं २०१२ मध्ये बंद पडली. तिच्या "किंग क्लब" योजनेतले पॉइंट मग नुसते आकडे उरले. जेट एअरवेजची उड्डाणं एप्रिल २०१९ मध्ये थांबली, पण तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून ती "इंटरमाइल्स" या नावाने टिकली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. तीन कंपन्या, तीन वेगळे शेवट. मुलांना विचारा, "या तिन्हींमध्ये सभासदाच्या हातात काय होतं?" उत्तर एकच येतं : वेळेत वापरणं.

अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट पुढे जोडावी. भारतीय लेखा मानक ११५ नुसार कंपनीला विक्रीच्या रकमेतला काही भाग दिलेल्या पॉइंटांपोटी बाजूला ठेवावा लागतो. तो त्या वेळी उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत याचाही अंदाज कंपन्या बांधतात. म्हणजे आपण विसरलेला पॉइंट हा कुणाच्या तरी ताळेबंदात उत्पन्न म्हणून येतो!

मुख्य सूत्र

आता गणित. सूत्र असं :

एका पॉइंटची किंमत = (रोख भाडे − पॉइंट वापरूनही भरावी लागणारी रक्कम) ÷ लागणारे पॉइंट

वजाबाकीतली रक्कम महत्त्वाची आहे. "फुकट" विमान तिकिटावरही विमानतळ शुल्क आणि कर बऱ्याचदा रोखच भरावे लागतात. मुलं ही पायरी हमखास विसरतात आणि मोठी माणसंही.

खालची सगळी उदाहरणं सोयीसाठी मानलेल्या आकड्यांची आहेत. वर्गात शिकवताना त्या दिवशीचे खरे दर घालावेत.

उदाहरण १ : रेल्वे

चौघांचं कुटुंब पुण्याहून कोल्हापूरला दोन दिवसांसाठी निघालंय. समजा वंदे भारतमधल्या चेअर कारचं तिकीट माणशी ७०० रुपये. एका बाजूचे झाले २,८०० रुपये. रेल्वेच्या कार्डांवर साधारणपणे एक पॉइंट म्हणजे एक रुपया असा सरळ हिशेब असतो. मग २,८०० पॉइंट असले की एक बाजू सुटली.

आता मुलांना उलटा प्रश्न विचारा. २,८०० पॉइंट जमायला किती खर्च करावा लागला?

समजा नेहमीच्या खरेदीवर दर १२५ रुपयांमागे १ पॉइंट मिळतो.
२,८०० × १२५ = ३,५०,००० रुपये.

समजा त्याच कार्डावर वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर १० टक्के पॉइंट मिळतात.
२,८०० ÷ ०.१० = २८,००० रुपये.

वर्ग इथे जरा शांत होतो. तेच पॉइंट, पण एका वाटेने साडेतीन लाखांचा खर्च आणि दुसऱ्या वाटेने अठ्ठावीस हजारांचा. पहिल्या वाटेचा परतावा ०.८ टक्के, दुसरीचा १० टक्के. शतमानाचा याहून चांगला धडा पुस्तकाबाहेर सापडणं कठीण.

कार्डाची वार्षिक फी ५०० रुपये धरली, तर २,८०० रुपयांच्या फायद्यातले जवळजवळ १८ टक्के तिथेच गेले. जे कुटुंब वर्षातून एकदाच रेल्वेने जातं, त्याला हे कार्ड परवडणार नाही. ज्यांना गावी आई-वडिलांकडे दर महिन्याला जावं लागतं, त्यांचं गणित वेगळं.

याच उदाहरणाला जोडून एक सापळाही दाखवावा. स्लीपरने ४०० रुपयांत जाणारा माणूस "पॉइंट मिळतात" म्हणून १,०५० रुपयांचं थर्ड एसीचं तिकीट काढू लागला. जादा खर्च ६५० रुपये, मिळाले १०५ पॉइंट. आजींना उकाडा सोसत नाही म्हणून एसीचं तिकीट काढलं तर ते योग्यच आहे. पॉइंटासाठी काढलं तर ५४५ रुपयांचा तोटा आहे.

उदाहरण २ : विमान

मुंबई ते गोवा. समजा रोख भाडं ४,५०० रुपये, त्यात कर आणि शुल्क ९०० रुपये. पॉइंटवर घेतलं तर ६,००० पॉइंट आणि वर ९०० रुपये.

(४,५०० − ९००) ÷ ६,००० = ०.६० म्हणजे ६० पैसे.

आता डिसेंबर अखेरचा शनिवार घ्या. रोख भाडं ९,३०० रुपये, कर-शुल्क १,२०० रुपये, पॉइंट समजा तेवढेच ६,०००.

(९,३०० − १,२००) ÷ ६,००० = १.३५ रुपये.

म्हणजे पॉइंटची किंमत दुपटीहून जास्त झाली. इथून पहिला नियम निघतो : रोख भाडं कमी असेल तेव्हा रोख भरावं, भाडं चढलं असेल आणि पॉइंट चढले नसतील तेव्हा पॉइंट वापरावेत. अनेक योजनांत भाड्याबरोबर पॉइंटही वाढतात, आणि गर्दीच्या दिवसांत पॉइंटवर मिळणाऱ्या जागाही मोजक्याच असतात. म्हणून प्रत्येक वेळी भागाकार करूनच बघावं लागतं.

पण पाठ इथे संपत नाही. उलट खरा पाठ इथेच सुरू होतो. मुलांना विचारा : "पॉइंट नसते, तर या कुटुंबाने ९,३०० रुपये देऊन विमानाचं तिकीट काढलं असतं का?"

बहुतेक वर्गांत उत्तर येईल, "नाही, कोकण रेल्वेने गेले असते." समजा रेल्वेचं थर्ड एसीचं तिकीट १,१०० रुपये. मग या कुटुंबाची माणशी बचत ८,१०० रुपये नाही. रेल्वेचे वाचले १,१००, विमानाच्या करापोटी गेले १,२००. म्हणजे "फुकट" तिकिटाला रेल्वेपेक्षा १०० रुपये जास्तच लागले आणि ६,००० पॉइंटही संपले!

मग विमानाने जाऊच नये का? तसं नाही. रेल्वेला रात्र जाते, विमानाला तासभर. शनिवार-रविवारच्या सहलीत वाचलेले तास मोलाचे असतात. घरी आजारी माणूस असेल आणि सोमवारी सकाळी परत पोचायचंच असेल, तर ते तास आणखी मोलाचे. फक्त आपण "८,१०० रुपये वाचवले" असं म्हणू नये. "आपण पॉइंट आणि शंभर रुपये देऊन वेळ विकत घेतला" असं म्हणावं. हे वाक्य खरं आहे आणि त्यातून मुलं निर्णय घ्यायला शिकतात.

दुसरा नियम लिहा : तुलना छापील भाड्याशी नको, आपण एरवी जे केलं असतं त्याच्याशी करावी.

उदाहरण ३ : हॉटेल

महाबळेश्वरला एक मुक्काम. समजा खोलीचं करासह भाडं ५,००० रुपये किंवा १२,००० पॉइंट.

५,००० ÷ १२,००० = ०.४२ म्हणजे सुमारे ४२ पैसे.

हॉटेलच्या बाबतीत दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. एक, रोख भाड्यात सकाळचा नाश्ता धरला आहे आणि पॉइंटच्या खोलीत नाही, असं आहे का? चौघांचा नाश्ता म्हणजे बारीक रक्कम नव्हे. दोन, खोलीत दोघांनाच परवानगी आहे की मुलांसाठी जादा गादी मिळते, आणि तिचे पैसे किती?

छोट्या सहलीला आणखी एक मर्यादा असते. मॅरियटच्या योजनेत पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट लागत नाहीत. सवलत चांगली आहे, पण दोन रात्रींच्या सहलीला तिचा उपयोग नाही. सवलतीसाठी सहल लांबवली, तर तीन दिवसांचं जेवणखाण आणि बुडालेली रजा कोण मोजणार?

पॉइंट हलवताना

बँकेच्या कार्डावरचे पॉइंट विमान किंवा हॉटेलच्या योजनेत वळवता येतात. गुणोत्तर मात्र दर वेळी १ : १ नसतं. समजा २ : १ असेल, तर बँकेचे १२,००० पॉइंट देऊन विमानाचे ६,००० मिळतात. मग वरच्या ६० पैशांची किंमत बँकेच्या एका पॉइंटमागे ३० पैसे झाली. आणि एकदा वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. म्हणून आधी जागा शिल्लक आहे का ते बघायचं, मगच वळवायचे. तिकीट रद्द झालं तर पॉइंट परत मिळतात का आणि त्याला शुल्क किती, हेही आधीच वाचून ठेवावं.

सगळ्यात मोठा खड्डा : व्याज

हा भाग घाईत उरकू नये. पॉइंटच्या नादात कुटुंबाचं खरं नुकसान होतं ते इथे.

समजा सहलीचा २०,००० रुपयांचा खर्च कार्डावर केला. दर १२५ रुपयांना १ पॉइंट या हिशेबाने १६० पॉइंट मिळाले, म्हणजे १६० रुपये. बिल आलं. हातात पैसे नव्हते, म्हणून बिलावर "किमान देय" म्हणून छापलेले १,००० रुपये भरले. उरले १९,०००.

आपल्याकडे क्रेडिट कार्डाचं व्याज अनेकदा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं.

१९,००० × ३.५ ÷ १०० = ६६५ रुपये.
त्यावर १८ टक्के जीएसटी = सुमारे १२० रुपये.
एका महिन्याचा भार = सुमारे ७८५ रुपये.

मिळाले १६०, गेले ७८५. तेही फक्त एका महिन्यात आणि साध्या हिशेबाने. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून दिवसागणिक लागतं आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, चक्रवाढ धरली तर त्याहून जास्त. मुलांना गृहकर्जाचा किंवा बँकेतल्या ठेवीचा दर शोधून आणायला सांगा आणि शेजारी हा आकडा लिहा. वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरा नियम : ज्याला महिन्याचं बिल पूर्ण भरता येतं, त्याच्यासाठीच पॉइंट हा फायदा आहे. बाकीच्यांसाठी ते आमिष आहे.

मन कसं फसतं?

न्यूनेस आणि ड्रेझ या दोन संशोधकांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मुलांना जरूर सांगावा. गाडी धुण्याच्या एका केंद्रावर काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं. आठ शिक्के झाले की एक धुणं फुकट. दुसऱ्या गटाला दहा शिक्क्यांचं कार्ड दिलं, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारून ठेवले होते. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी.

का? कारण "आपण सुरुवात केलीच आहे" असं वाटलं की माणसाला मध्येच सोडवत नाही. "स्वागत म्हणून ५०० पॉइंट जमा!" हा संदेश त्याच जातीचा. "फक्त ३०० पॉइंट कमी आहेत" हाही त्याच जातीचा.

वर्गातील कृती (एक तासिका)

सुरुवातीलाच एक काळजी घ्यावी. "कुणाच्या घरी कोणतं कार्ड आहे?" असं वर्गात विचारू नये. काही घरांत कार्ड नसतं, काही घरांत कार्डाचं कर्ज असतं, आणि मुलाला ते माहीत असतं. म्हणून सगळ्यांना एकच काल्पनिक कुटुंब द्यावं.

कुटुंब : आई, बाबा, दोन मुलं. सहल : दोन दिवस. जवळ : ६,००० पॉइंट आणि १०,००० रुपये.

पर्याय क : विमानाचं एक तिकीट, रोख ३,८०० रुपये किंवा ५,००० पॉइंट आणि ८०० रुपये कर.
पर्याय ख : हॉटेलची खोली, रोख ४,२०० रुपये किंवा ६,००० पॉइंट, वर काही नाही.
पर्याय ग : रेल्वेची तिकिटं, १ पॉइंट = ५० पैसे.

गट पाडून किंमत काढायला सांगा. उत्तरं : क मध्ये ६० पैसे, ख मध्ये ७० पैसे, ग मध्ये ५० पैसे. सगळे गट "हॉटेल" म्हणतील.

मग एक नवी माहिती फळ्यावर लिहा : "त्या गावात मुलांची मावशी राहते आणि तिने मुक्कामाला बोलावलं आहे." आता हॉटेलच्या खोलीचं मूल्य काय? ७० पैसे की शून्य? चौघांपैकी एकालाच विमानाचं तिकीट मिळालं तर बाकीच्यांनी कसं जायचं? ही चर्चा रंगू द्या. आकडे तेच राहतात, निर्णय बदलतो. हीच या तासिकेची कमाई.

गृहपाठ

१. कोणत्याही एका प्रवासाचं आजचं आणि पुढच्या शनिवारचं रोख भाडं बघून फरक टक्क्यांत काढा.
२. १०,००० रुपयांच्या बाकीवर महिना ३.५ टक्के दराने तीन महिन्यांचं सरळव्याज काढा. (उत्तर : १,०५० रुपये)
३. घरातल्या मोठ्यांना विचारा : "पॉइंट नसते तर आपण कसं गेलो असतो?" उत्तर दोन ओळींत लिहा.

पालकांसाठी थोडंसं

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. सहलीचा बेत त्याच सुमाराला ठरवा आणि पॉइंटचा हिशेब मुलांकडून करून घ्या. वर्षातून दोनदा, समजा दिवाळीआधी आणि मे महिन्याआधी, कोणत्या योजनेत किती पॉइंट आहेत आणि ते कधी संपतात, हे वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. पॉइंट पुरेसे असतील तर वापरून टाका, पुढच्या मोठ्या सहलीसाठी वर्षानुवर्षं साठवू नका. पुरेसे नसतील तर त्यासाठी जादा खरेदी करू नका.

आणि मुलांसमोर "फुकट" हा शब्द जरा जपून वापरा. "हे तिकीट आपल्याला पॉइंटांत मिळालं, ते पॉइंट आपल्याच खर्चातून आले" एवढं म्हटलं तरी मुलाच्या डोक्यात योग्य हिशेब सुरू होतो. पुढे त्याच्या नावाचं पहिलं कार्ड घरी येईल, तेव्हा "किमान देय"च्या शेजारचा पूर्ण रकमेचा आकडा तो आधी वाचेल.